वेगळे खाते

पैशाविषयी सल्ला मागावयास आमच्याकडे सहसा कोणी येत नाही, आणि त्यात लोकांचे व आमचेही हितच आहे. तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसास व्याजाचा दर विचारील इतका भोळा मनुष्य नाहूरसारख्या हिशेबी वस्तीत सापडणे कठीण. म्हणूनच मागच्या रविवारी दुपारी, इंग्लंडात शिकत असलेल्या आमच्या पुतण्याने फोनवर "काका, मला आणखी एक बँकेचे खाते उघडायचे आहे, कसले उघडू?" असे विचारले तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले. खाते कशाकरिता हवे हे ऐकल्यावर आश्चर्याची जागा काळजीने घेतली. ते पैजांकरिता हवे होते.

"जुगार नव्हे, काका," तो घाईने म्हणाला, "नुसते गणित आहे." आणि ते गणित त्याने आम्हांस समजावून दिले. तिकडे पैजा घेणाऱ्या पेढ्या कायदेशीर आहेत, व नवे गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्या एखादी पैज फुकट देऊ करतात. समजा, अशी दहा पौंडांची फुकट पैज एखाद्या घोड्यावर पाचाच्या भावाने लावली. घोडा जिंकल्यास चाळीस पौंड हाती येतात. त्याच वेळी, जेथे गिऱ्हाइकेच परस्परांशी पैजा लावतात अशा दुसऱ्या बाजारात, तो घोडा जिंकणार नाही अशी उलट पैज घ्यावयाची. भाव व रक्कम नीट जुळविली म्हणजे घोडा पहिला येवो की लंगडत येवो, दलाली वजा जाता सुमारे सात पौंड पदरी पडतातच. एका पेढीची फुकट पैज संपली की दुसरी पेढी गाठावयाची.

गणितात आम्हांस चूक काढता आली नाही. परंतु त्या सात पौंडांसाठी उलट बाजूस तीस-बत्तीस पौंड अडकवून ठेवावे लागतात; आणि एक आकडा चुकला, किंवा दोन पैजांच्या मधल्या क्षणात भाव हलला, की गणिताची पुन्हा पैज होते. शिवाय असे चलाख गिऱ्हाईक ओळखू आले म्हणजे पेढ्या त्याच्या पैजांवर मर्यादा घालतात. फुकटची मिठाई संपते. दुकानाकडे वळण्याची पावलांची सवय मात्र उरते.

आपल्याकडे हा प्रश्न त्याला पडलाच नसता. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा. आणि 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा जो कायदा संमत केला, त्यात बँकांनी असे व्यवहार पार पाडू नयेत असेही कलम आहे. तिकडची रीत निराळी. तेथे पैज लावता येते, मात्र एप्रिल 2020 पासून ती क्रेडिट कार्डावर लावता येत नाही.

मुलाने तीन बँकांची पत्रके आम्हांस धाडली, व आम्ही ती उत्तरपत्रिका तपासाव्या तशी तपासली. वेगळे खाते हवे, या त्याच्या म्हणण्यात शहाणपण होते. खाण्यापिण्याच्या खर्चात पैजांची देवघेव मिसळली की नफा झाला की तोटा, हेच कळेनासे होते. आणि पुढे घरासाठी कर्ज मागावयास गेल्यास तिकडच्या बँका मागील काही महिन्यांचे उतारे तपासतात व त्यात पैजांच्या पेढ्यांची नावे पाहून बिचकू शकतात. तेव्हा आम्ही त्यास लिहिले: ज्या बँकेतून फी व भाडे भरतोस तिच्याहून निराळी बँक घे, ओव्हरड्राफ्टची सवलत नसलेले खाते घे, आणि प्रत्येक देवघेवीची वर्दी तत्काळ देणारे घे. 2018 पासून तिकडच्या काही बँकांनी पैजांकडे जाणारा पैसा अडविण्याची सोय ग्राहकाच्या हाती दिली आहे. फी-भाड्याच्या खात्यावर ती सोय असेल तर आजच सुरू करून ठेव.

सायंकाळी त्याचा पुन्हा फोन आला. सल्ला त्यास पसंत पडला होता. "फक्त एक करा काका," तो म्हणाला, "बाबांना एवढ्यात काही सांगू नका."

येथे मात्र आमचे अडले.

त्याचे आजोबा, म्हणजे आमचे वडील, भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होते. ते दिवस मटक्याचे होते. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून निघालेला हा खेळ 1960 नंतर कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांनी मुंबईभर पसरला होता, आणि आमच्या चाळीतही ओपन-क्लोजचे आकडे गॅलरीतून ऐकू येत. वडिलांच्या सदऱ्यास दोन खिसे होते. उजवा संसाराचा, डावा मटक्याचा. पगाराच्या दिवशी डाव्या खिशात पाच रुपये जात, व ते संपले की महिना संपेपर्यंत खेळ बंद. कित्येक वर्षे ही शिस्त त्यांनी पाळली, आणि तिचा त्यांस अभिमान होता. डाव्या खिशाची गोष्ट आईस मात्र ठाऊक नव्हती.

1978 साली कारखान्यास टाळे लागले. पगार थांबला, आणि एके दिवशी डाव्या खिशाने उजव्याकडून उसने घेतले, एकाच दिवसापुरते. आईस ते कळले ते दादांच्या एस.एस.सी.च्या फॉर्मची मुदत टळून गेल्यावर. दादा ते वर्ष घरी बसले. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. शेजारी विचारीत तेव्हा "त्याला कावीळ झाली होती" असे सांगावयास आम्हांस शिकविण्यात आले होते.

पुढे आईने डावा खिसा शिवून टाकला नाही. तिने एवढेच ठरविले की दर शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर तो स्वयंपाकघरात तिच्यासमोर रिकामा व्हावा. वडील चिडले, दोन दिवस अबोला धरला, आणि मग रिकामा करू लागले. मटका सुटला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उजव्या खिशास पुन्हा हात लागला नाही.

दोन खिशांमधली भिंत वडिलांनीच घातली होती, आणि तिच्या दाराची किल्लीही त्यांच्याच हाती होती. आमच्या पुतण्याचे खाते कितीही निराळ्या बँकेत असले तरी एका बोटाच्या स्पर्शाने पैसा इकडून तिकडे जाईल, आणि सुरू केलेली अडवणूकही ज्याने सुरू केली त्यास बंद करता येईल. पैशापासून वेगळे असलेले खाते हिताचे. घरापासून वेगळे असलेले खाते हिताचे नव्हे. म्हणून आम्ही त्यास सांगितले, "खाते अवश्य उघड. पण दर महिन्यास त्याचा उतारा दादांना दाखवीत जा. न दाखवाल असे वाटले तर त्या महिन्यात पैज लावू नकोस."

"बाबांना यातले काय कळणार?" त्याने विचारले.

दादा एक वर्ष उशिरा का पास झाले, हे त्यास कोणी कधी सांगितलेले नाही. आमच्या तोंडावर ते आले होते. पण ती गोष्ट दादांची आहे, व ती सांगण्याचा अधिकारही त्यांचाच. आम्ही इतकेच म्हणालो, "विचारून तर पाहा."

या गोष्टीस आज आठ दिवस झाले. दादा काल संध्याकाळी आमच्याकडे येऊन गेले. मुलाची ख्यालीखुशाली सांगितली, खात्याचा विषय निघाला नाही. सौ.ने चहा दिला व आमच्याकडे एकदा पाहिले. आम्ही वाट पाहत आहो.