उंदराचा रंग

वडखळ, भातकापणी. उडव्या रचल्या की बांधातले उंदीर खळ्याकडे सरकतात. शेजारच्या काकांना विचारलं, "काळे असतात की भुरे?" म्हणाले, "रंग बघत बसलो तर कणगी रिकामी होईल!"

•

भुऱ्या उंदराचा केस एकरंगी नसतो. मुळाशी काळपट, टोकाजवळ पिवळसर पट्टा. केस वाढताना काळं रंगद्रव्य मध्येच थांबतं, थोडा वेळ पिवळं तयार होतं, मग पुन्हा काळं. असे हजारो केस मिळून मातीचा रंग. हा 'थांब'चा निरोप जनुकातल्या बदलामुळे पोचलाच नाही, की उंदीर काळा.

•

आपला घरउंदीर, रॅटस रॅटस, तीन वेषांत सापडतो: काळा, करड्या पोटाचा भुरा आणि पांढऱ्या पोटाचा भुरा. जुन्या प्राणीशास्त्रज्ञांनी त्यांना तीन नावं दिली होती. पण काळे आणि भुरे एका विणीतही जन्मतात.

•

उलटा धडा साताऱ्याचा. तिथल्या घाटमाथ्यावरच्या उंदराला १९१८ साली प्राणीशास्त्रज्ञ हिंटनने घरउंदराचीच उपजात ठरवून 'सतारे' हे नाव दिलं. पुढे जनुकं तपासली, तर तो स्वतंत्र जातीचा निघाला. वेगळे दिसणारे एक आणि सारखे दिसणारे वेगळे. रंगावरून जात ठरवू नये, हे उंदरांच्या बाबतीतही खरं.

•

पांढरा, लाल डोळ्यांचा उंदीर व्हायला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. शरीरात रंगच नाही. डोळ्यांत दिसतं ते रक्त. राजस्थानात देशनोकच्या करणीमातेच्या देवळात असा उंदीर दिसणं भाग्याचं मानतात. वडखळच्या उघड्या खाचरात तो आधी गव्हाणी घुबडाला दिसणार.

•

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर मात्र घरउंदराच्या वंशातला नाही. तो गटारातल्या तपकिरी उंदराचा. माणसाने हौसेने रंगीत उंदीर पाळले, तेही जुनं: जपानात अठराव्या शतकातच त्यांच्या पैदाशीवर पुस्तक निघालं होतं.

•

पेण. गणपतीच्या कारखान्यात विचारलं, मूषकाचा रंग कसा ठरवता? "ब्रशला जो उरला असेल तो."

•

लावणीला चिखलात उतरताना पायाची जखम झाका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात. काळ्याच्या, भुऱ्याच्या, पांढऱ्याच्याही.