अस्तराच्या आत

ताम्हिणीच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस मुळशी तालुक्यात चार महिने मुक्कामाला असतो. भिंतींना ओल धरते, गोदामातील गोण्यांना कुबट वास येऊ लागतो आणि जुन्या मोटारींचे आतले छत हळूहळू खाली उतरते. जुन्या मोटारींत हे रेक्झिनचे अस्तर पत्र्याला चिकटवलेले नसते. त्याच्या पाठीवर नेफे शिवलेले असतात, त्यांतून तारेच्या कमानी ओवून ते तंबूसारखे ताणतात. बाजूच्या कडा दारांच्या चौकटीला चिकटवतात, पुढच्या-मागच्या कडा काचेच्या रबराखाली दाबतात. ओलीने सोल्युशन सुटले आणि शिवण कुजली की अस्तर बसणाऱ्याच्या डोक्याला टेकते.

पौडच्या परिसरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या पद्मिनीचे असेच झाले होते. या गाडीविषयी जैन घरांत थोडा अधिक जिव्हाळा असतो, त्यालाही कारण आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. शेठजी १९५३ साली निवर्तले. ‘पद्मिनी’ हे नाव त्यानंतर सुमारे दोन दशकांनी आले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली आणि घरोघरी जपून ठेवलेल्या गाड्यांना हौशी गिऱ्हाईक शोधू लागले.

या व्यापाऱ्याकडेही पुण्याचे एक गिऱ्हाईक आले. भाव ठरला, इसार झाला. अट एकच होती, आतले छत नवे करून द्यावे. चातुर्मासात काम काढायचे नाही, असे घरात ठरले. दमट हवेत सोल्युशन नीट धरत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण. आणि जुन्या अस्तरात पावसाळ्यात जीवजंतू आश्रयाला असतात, हे धार्मिक. कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर कुशनवाला मिस्त्री आला.

प्रथम आतला दिवा, आरसा आणि ऊन अडवणाऱ्या झडपा निघाल्या. मग दोन्ही काचा उतरल्या. प्रत्येक कमानीचा बाक थोडा वेगळा असतो, म्हणून मिस्त्रीने रंगाने क्रमांक घालून कमानी काढल्या. जुने अस्तर फाडले नाही, कारण नव्या कापणीला तेच माप. कोपऱ्यांतील कोळी आणि झुरळे मऊ कुंच्याने सुपात घेऊन कुंपणापाशी सोडण्यात आली. हाडा-कातड्यापासून होणारा सरस वापरायचा नाही, रबरी सोल्युशनच घ्यायचे आणि पत्र्याखाली लोकरी नमद्याऐवजी तागाचा थर द्यायचा, हेही आधीच सांगितलेले होते.

अस्तर निघाल्यावर मात्र मागच्या काचेच्या वर पत्र्याला गंज चढलेला दिसला. स्क्रूड्रायव्हरचे टोक लावताच दोन ठिकाणी आरपार उजेड आला.

मिस्त्री म्हणाला, “शेठ, वरून रंग शाबूत आहे. अस्तर चढवलं की कुणाला दिसायचं नाही. पत्रा कापून जोडायचा तर आठवडा जाईल आणि खर्च दुपटीवर जाईल.”

मुलाने हलक्या आवाजात सांगितले, “अण्णा, त्यांनी अट घातली ती फक्त अस्तराची. पत्र्याचं काही बोलणं झालेलं नाही.”

बोलणे झालेले नव्हते, हे खरेच होते. अण्णा काही वेळ त्या भोकांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गोणीच्या तोंडाशी एक माल आणि तळाशी दुसरा, असा व्यवहार आपल्या दुकानात कधी झाला का? मग दारात कशाला?”

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोट्या मापाबरोबरच त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे. खऱ्याच्या नावाखाली खोटे देणे, चांगल्यात हिणकस मिसळणे. हा दोष बहुधा तराजूपाशी आठवतो. पण जिथे गिऱ्हाईक तपासू शकत नाही आणि विचारीतही नाही, तिथेच त्याची खरी कसोटी असते. न सांगणे हेही कधी कधी विकणेच असते.

त्याच दिवशी गिऱ्हाइकाला बोलावून उघडा पत्रा दाखवला. इसार परत देण्याची तयारी सांगितली. त्यांनी थोडा विचार करून दुरुस्तीचा निम्मा खर्च भावातून कमी करण्याचे सुचवले. अण्णांनी ते मान्य केले. गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला, खरवडून रेड ऑक्साइडचा हात दिला, वर तागाचा थर बसवला. नवे रेक्झिन उन्हात पसरून मऊ केले, क्रमांकाप्रमाणे कमानी ओवल्या, मधली कमान आधी आणि मग पुढे-मागे. कडा थोड्या थोड्या ओढीत, सुरकुत्या काढीत मिस्त्रीने छत ताणले आणि शेवटी काचा बसवल्या.

हिशेबाच्या वहीत या सौद्याचा नफा ठरल्यापेक्षा कमी लिहिला गेला. त्या ओळीसमोर मुलाने स्वतःहून कारण लिहिले: ‘छताचा पत्रा, दाखवून.’