मेरोनची जत्रा

इस्रायलमधल्या रामल्यात एका बेने इस्रायली घरी मलिद्याचं ताट पुढं आलं. गोड पोहे, वर ओलं खोबरं, कडेनं फळांच्या फोडी. बोलता बोलता घरातल्या आजी म्हणाल्या, "आमचा संदेष्टा एलियाहू हन्नबी आपल्या अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला. इकडची जागा बघायची तर मेरोनला जा. पण सणात नको जाऊस, चेंगरशील." सण म्हणजे लाग बाओमेर, ज्यू पंचांगातला 18 इय्यार. आजींचं ऐकलं, सण उलटल्यावर गेलो.

मुक्काम मेरोनजवळच्या साफेदला. खोलीची एकुलती एक खिडकी जिन्यात उघडणारी, भाडं मात्र जेरुसलेमचं. तिथली जुनी सिनेगॉग सगळेच बघतात. मीही बघितली, अर्ध्या तासात.

मेरोनला समाधी आहे ती दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाई यांची. रोमनांविरुद्ध बोलल्यामुळं ते मुलासह बारा वर्षं गुहेत लपले. तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो, कपडे झिजू नयेत म्हणून दोघं गळ्याइतक्या वाळूत बसून अध्ययन करत. बाहेर आल्यावर त्यांना शेत नांगरणारे दिसले. धर्म सोडून हे पोटामागं लागले, या रागानं दोघं बघतील तिथं आग लागे. देवानं त्यांना वर्षभरासाठी परत गुहेत धाडलं. शेतकऱ्यांची बाजू घेणारा हा देव मला फार आवडला. कब्बालाचा, म्हणजे ज्यू गूढविद्येचा, 'झोहार' ग्रंथ याच रब्बींचा मानतात; अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये मोशे दे लेओन यांनी लिहिल्याचा निर्वाळा दिला. समाधीवर डोकं टेकणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

अभ्यासक अव्राहाम याअरी यांनी 1962 मध्ये मांडलं, की या सणाचे विधी मूळचे जेरुसलेमजवळच्या शमुवेल संदेष्ट्याच्या समाधीवरचे. तिथं मुलांचं जावळ काढत. पुढं ज्यूंना तिथं मज्जाव झाला आणि सगळं मेरोनला आलं. जावळ आलंही असेल. पण जत्रा? इटलीचे मोशे बसोला 1522 च्या सुमारास इथं होते. 15 इय्यारला त्यांनी हजारावर माणसं पाहिली, दमास्कसहून बायकापोरांसकट आलेली. म्हणजे आजच्या सणाच्या तीनच दिवस आधी, आणि कब्बालाचे महागुरू इसहाक लुरिया 1570 मध्ये साफेदला येण्याच्या कितीतरी आधी. त्याहीपूर्वी लोक यायचे ते हिल्लेल आणि शम्माई या प्राचीन धर्मगुरूंच्या थडग्यांसाठी. माणसं येतच होती. कुणासाठी, ते नंतर बदललं. याअरींशी असा मनातल्या मनात भांडत मी चढ चढलो.

या जत्रेला विरोध विद्वानांनीही केला. 1837 च्या भूकंपात साफेद जमीनदोस्त झालं, तेव्हा प्रेसबर्गच्या रब्बी मोशे सोफेर यांनी त्याचा संबंध लावला तो जेरुसलेमला विसरून मेरोनकडं लोटणाऱ्या गर्दीशी. सणाच्या शेकोटीत तेलात भिजवलेली भारी वस्त्रं जाळण्यावरही रब्बींनी नापसंती दाखवली. लोकांनी ऐकलं नाही.

समाधीच्या अंगणात एक कुटुंब नवस फेडत होतं. नवस 18 रोटलचा, म्हणजे सुमारे 54 लिटर पेयाचा. माझ्या हाती प्लास्टिकचा पेला आला, द्राक्षरस काठोकाठ.

मग माझ्या वाटाड्यानं एक अरुंद, उतरता रस्ता दाखवला. 1911 मध्ये मेरोनला कठडा कोसळून 11 जण गेले होते. 2021 च्या सणात या रस्त्यावर 45 माणसं चेंगरून मेली. 2008 आणि 2011 मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी लेखी इशारे दिले होते! 2024 मध्ये चौकशी आयोगानं पंतप्रधान नेतन्याहूंवरही ठपका ठेवला. वाटाड्याला घाई होती साफेदच्या चित्रकारांच्या गल्लीची. मी रुंदी पावलांनी मोजत बसलो. ती गल्ली राहिलीच.