आमचं ट्रंक एक्स्चेंज

नवराबायकोंनी काय काय वाटून घ्यावं, हे लग्नात गुरुजींनी आम्हांला बरंच समजावून सांगितलं होतं. सुख वाटून घ्यावं, दुःख वाटून घ्यावं, झालंच तर दोन्हीकडचे पाहुणे वाटून घ्यावेत. पण स्पीकरची एकच जोडी दोघांनी कशी वाटून घ्यावी, याविषयी ते अक्षर बोलले नाहीत. बोलले असतीलही; पण त्या वेळी बँड वाजत होता.

ही स्पीकरची जोडी आमच्या कॉम्प्युटरची. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले, ते कॉम्प्युटर, स्पीकर आणि ‘बाबा, यातलं काही उघडू नका’ ही सूचना, एवढी इस्टेट मागे ठेवून. निवृत्तीनंतर मी त्यावर जुनी नाट्यगीतं ऐकू लागलो. स्पीकर दिसायला चहाच्या डब्याएवढे, पण ऑर्गनचा पहिला सूर निघाला की खालच्या मजल्यावरची मंडळी पडदा वर जायची वाट पाहतात.

सगळं सुरळीत चाललं होतं, एवढ्यात आमच्या सौ.ला भजनाच्या क्लासनं गाठलं. हा क्लास टॅबवर भरतो. बाई सांगलीत, विद्यार्थिनी दहा गावांत, आणि टॅबचा आवाज डासाएवढा. बाईंनी ‘सा’ लावलाय की खोलीत डास शिरलाय, हे कळेपर्यंत त्या ‘प’वर पोचलेल्या असत. तेव्हा चार ते पाच स्पीकर मला हवेत, असा अर्ज सौ.कडून आला. मागणी रास्त होती. माझं गाणं सकाळी आणि रात्री. प्रश्न वेळेचा नव्हता, पिनेचा होता.

स्पीकरला पिन एक. ती जायची कॉम्प्युटरच्या पाठीत. कॉम्प्युटर टेबलाखाली, आणि त्याची पाठ भिंतीकडे. रोज पावणेचारला मी गुडघे टेकून टेबलाखाली शिरायचो, पिन उपटायचो आणि उठताना डोकं आपटायचो. सव्वापाचला हाच विधी उलट्या क्रमानं. इतका नियमित साष्टांग नमस्कार मी कुठल्या देवालाही घातलेला नाही. त्यातून कॉम्प्युटरच्या पाठीवर तीन भोकं. हिरवं आवाज बाहेर सोडण्याचं, निळं आवाज आत घेण्याचं आणि गुलाबी मायक्रोफोनचं. टेबलाखालच्या अंधारात तिन्ही रंग सारखेच काळे. एकदा पिन गुलाबीत बसली आणि दोन दिवस घरात शांतता नांदली. मी स्पीकर मेल्याचं जाहीरही करून टाकलं. सौ. स्वयंपाकघरातून आली, तिनं पिन बाहेर काढून तिच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर ‘घूंऽऽ’ करून दचकून उठले. “जिवंत आहेत,” ती म्हणाली, “दोष पलीकडच्या बाजूला आहे,” आणि कणीक मळायला परत गेली. हे हिला कसं कळलं, असा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पण नवऱ्यांना योग्य प्रश्न योग्य वेळी पडत नाहीत.

अडचण चार जणांना सांगितली की सहा उपाय मिळतात. “दुसरे स्पीकर घ्या,” हा चिरंजीवांचा सल्ला. पण धडधाकट वस्तू घरात असताना तशीच दुसरी घेणं आमच्या संस्कारांत बसत नाही. “मग ब्लूटूथवाले घ्या.” ते वरच्या मजल्यावरच्यांकडे आहेत. एकदा त्यांच्या सत्यनारायणाच्या आरतीत शेजारच्या मुलाचा फोन त्याच स्पीकरला जाऊन चिकटला आणि लंबोदर पीतांबरावर एकदम डीजे सुरू झाला. नको ते.

समोरच्या ब्लॉकमधल्या इंजिनिअरांनी मात्र सोपा उपाय सांगितला. बाजारात दोन तोंडांची एक वायर मिळते. दोन तोंडांत कॉम्प्युटर आणि टॅब जोडायचे, तिसरं टोक स्पीकरला. पिन बदलायलाच नको! मी ती आणली, जोडली आणि दोन्हीकडचे आवाज निम्म्यावर आले. नायक पडद्याआडून गात होता आणि सांगलीच्या बाई विहिरीतून. मागाहून कळलं, ती वायर एका यंत्राचा आवाज दोघांच्या कानांत घालण्यासाठी असते. दोन यंत्रांचे आवाज एकात ओतण्यासाठी नव्हे. दोन बिऱ्हाडांचे नळ एकाच पाइपाला जोडले तर पाणी बादलीत पडायचं सोडून एकमेकांच्या नळांत शिरतं, तसं ते होतं. इंजिनिअर स्थापत्याचे होते, हेही मागाहूनच कळलं.

मग मी बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या जवळ तपकीर गल्ली आहे. तिथं तपकीर सोडून विजेचं सगळं मिळतं. दुकानातल्या पोराला म्हटलं, “दोन आवाजांतला एक निवडायचं बटण द्या.” त्यानं मान वर न करता विचारलं, “काका, डीपीडीटी का थ्रीपीडीटी?”

बँकेत छत्तीस वर्षं मीही गिऱ्हाइकाला मान वर न करता “चालू का बचत?” असं विचारलं आहे. त्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्या क्षणी काय वाटलं असेल, ते मला कळलं. “जे लोक नेहमी नेतात ते द्या,” असं म्हणून मी अब्रू वाचवली आणि एक दांडी व सहा पाय असलेला किडा, तीन सॉकेटं आणि वीतभर वायर घेऊन घरी आलो.

तो किडा दोन दिवस टेबलावर उताणा पडला होता. सहा पाय, आणि जोडायच्या वस्तू तीन. प्रत्येकीला दोन पाय दिले तर हिशेब बसतो, पण पिनेतून निघतात तारा तीन. म्हणजे नऊ. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला तीन तारांचा फरक झोपू देत नाही.

तिसऱ्या दिवशी सौ.नं चष्मा लावला, लग्नपत्रिकेचं एक रिकामं पाकीट घेतलं आणि त्यावर पेन्सिलीनं सहा टिंबं काढली.

“हे मधले दोन स्पीकरला. वरचे दोन तुमच्या कॉम्प्युटरला, खालचे दोन माझ्या टॅबला. दांडी एका बाजूला केली की मधले वरच्यांना चिकटतात, दुसऱ्या बाजूला केली की खालच्यांना. आणि तिसरी तार सगळ्यांची समाईक, ती बटणात घालायचीच नाही. तिघांच्या तिन्ही एकत्र बांधायच्या.”

“तुला कसं गं माहीत?”

“अहो,” ती चष्म्यावरून बघत म्हणाली, “मी वीस वर्षं केलं काय?”

आता हे सांगायलाच हवं. आमची सौ. १९७४ साली टेलिफोन खात्यात लागली, पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये. तिच्या कामाचं माझं वर्णन ठरलेलं होतं, आणि ते मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असे: “काय नाय हो, खुंट्या खुपसायच्या आणि खुंट्या उपसायच्या!” पाहुणे हसत. ती चहा आणायला आत जाई. मी लेजर लिहायचो, म्हणजे ते मात्र डोक्याचं काम!

त्या संध्याकाळी तिनं मला खुंटी समजावून सांगितली. स्पीकरची ही साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणजे एक्स्चेंजच्या बोर्डावरच्या जाड खुंटीची नात. एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या बोर्डांसाठीच ही पिन जन्माला आली. मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. माणसं बदलली, बोर्ड भंगारात गेले, पण पिनेची घडण तीच राहिली. टोकाला टिप, मध्ये रिंग, मागं स्लीव्ह. टिप म्हणजे डावा स्पीकर, रिंग म्हणजे उजवा आणि स्लीव्ह समाईक. जुन्या बोर्डावर लाइन मोकळी आहे का हे बघायला खुंटीचं टोक भोकाच्या कडेला नुसतं टेकवायचं. कानात ‘टक्’ झालं की समजायचं, लाइन बिझी. खुंटी काढताना दोरी ओढायची नाही, मूठ धरायची. “तुम्ही रोज वायर धरून ओढता,” ती म्हणाली, “मी बघत होते. पण बोलले नाही.”

पाकिटावरचा नकाशा घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं सोल्डर करून दिलं आणि नकाशा कुणी काढला, असं विचारलं. मी क्षणभर थांबलो. मग हिच्याकडे बोट दाखवलं. एवढं तरी माझ्या हातून झालं. हिंगाच्या रिकाम्या डबीला भोकं पाडून सगळं त्यात बसवलं. (अशी तयार डबी बाजारात मिळते, हे चिरंजीवांनी मागाहून सांगितलं. पण तिला हिंगाचा वास नसतो.) पहिल्या दिवशी टॅबकडून गुणगुण आली. मी डबीवर टिचक्या मारत बसलो, हिनं टॅबचा चार्जर काढला. गुणगुण बंद! चार्जरमधून झिरपणारी ५० हर्ट्झची घरगुती वीज समाईक तारेवाटे स्पीकरमध्ये उतरून गात होती. “समाईक म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी झिरपतंच,” सौ. म्हणाली. हे वाक्य विजेबद्दल होतं, असं मी धरून चाललो आहे.

त्या रात्री डबीची दांडी खालीवर करताना मी हिला एक प्रश्न विचारला. तो पंचेचाळीस वर्षांहून जुना होता.

१९७९ साली मी बार्शीच्या शाखेत होतो, ही पुण्यात. ऑगस्टमधल्या एका रात्री दीड वाजता बँकेतला फोन वाजला. गारगोटीहून थोरल्या भावाचा लाइटनिंग कॉल. सगळ्यांत महागडा, सगळ्यांत आधी लागणारा. वडील गेले होते. कॉल आला पुण्याच्या बोर्डावरून, आणि ड्यूटीवर होती ही. पलीकडून बाईच्या आवाजात “बोला” एवढंच ऐकू आलं होतं. तो आवाज मी ओळखला होता. माझे वडील गेले, माझी बायको त्याच तारेवर होती, आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पाहुण्यांपुढं खुंट्यांचा विनोद करताना ते कुठंतरी असायचंच.

“का नाही बोललीस?” मी विचारलं.

ती थोडा वेळ डबीकडे बघत राहिली. “मी ऐकतच नव्हते,” ती म्हणाली. “दोन्हीकडची माणसं बोलू लागली की आपली किल्ली सरळ करायची. आपला कान काढून घ्यायचा. पहिला नियम तो. भावजींचा आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं होतं काय ते. पण ते बोलणं तुमचं दोघांचं होतं. त्यात मी शिरले असते, तर तुम्ही मला सांगत बसला असता, आणि ते तिकडं एकटे पडले असते.”

“आणि तीन मिनिटं झाल्याचंही सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं. तो नियम मोडला. तिकिटावर सहा मिनिटं लिहिली. भावजींनी पैसे भरले.”

भाऊ त्या बिलाबद्दल अजून कुरकुरतो. तोंडावर असलेल्या बाईला मध्ये बोलायचं कळलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि त्या तीन मिनिटांचे पैसे देऊ केले. त्यानं व्याज मागितलं. भाऊच तो.

आता डबी टेबलावर असते. दांडीच्या वर सौ.नं पेन्सिलीनं ‘लोकल’ लिहिलं आहे, खाली ‘ट्रंक’. माझं नाट्यगीत लोकल. सांगली अर्थातच ट्रंक. आधी स्पीकरचा आवाज कमी करायचा, मग दांडी फिरवायची, म्हणजे खट्ट होत नाही. पाहुण्यांना मी डबी दाखवतो आणि ती कुणी केली तेही सांगतो. खुंट्यांचा विनोद बंद आहे.

परवा पावणेचारला मी न सांगता दांडी खाली केली. क्लास सुरू झाला. मी नियमाप्रमाणे आपला कान काढून घेतला आणि बाल्कनीत जाऊन पेपर उघडला. दहा मिनिटांनी भजन संपलं आणि आतून हाक आली,

“अहो, ऐकलंत का मी कशी म्हटली?”

हा नियम बोर्डावर नव्हता.