तीन वह्या

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे, असे सांगितले की माणसे हसतात. हसोत बापडी! कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात, शिक्षिका होण्यासाठी, माझे तीन विषय चालू आहेत : मुलांना वाचायला कसे शिकवावे, स्पॅनिश भाषा आणि विशेष मुलांचे शिक्षण.

स्पॅनिशशी माझी गट्टी लवकर जमली. पाच स्वर, आणि बहुतेक लिहावे तसेच वाचावे. आपल्या बाराखडीची जणू मावसबहीणच! इंग्रजीतला ‘ए’ मात्र शब्दागणिक नवे सोंग घेतो. घरी स्पॅनिश बोलणारे पोर त्यापुढे अडखळले, तर दोष कुणाचा?

हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. याच राज्यात १९७० साली मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. इंग्रजीतून बुद्धिमापन करून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बहुतेकांची जागा तिथे नव्हतीच! मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतूनही व्हावी, असे मग तडजोडीत ठरले. १९७५ च्या कायद्याने, शक्य तिथे मुलाच्या भाषेतच चाचणी घ्यावी, हे तत्त्व साऱ्या अमेरिकेला लागू केले.

अक्षरे खरोखरच वैरी झालेली मुलेही असतात. त्यांना वेगळी मदत हवी, आणि तीही वेळेवर. पण कोणते मूल कोणते, हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर एका वहीत सापडत नाही. म्हणून मी तिन्ही वह्या एकाच पिशवीत ठेवते.