किनाऱ्यावरची पंधरा मिनिटे

खारे वारे आणि मतलई वारे यांची ओळख शालेय भूगोलाने तुम्हाला करून दिलेली आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री जमीन निवल्यावर उलट दिशेने वाहतात ते मतलई. परीक्षेपुरते पाठ केलेले हे शब्द जिवाशी किती निगडित आहेत, हे मला गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग शिकताना उमगले.

पायांखाली फळी, कमरेच्या पट्ट्याला वीसएक मीटर लांबीच्या दोऱ्या आणि आकाशात प्रचंड पतंग, असे या खेळाचे स्वरूप. आपण पतंग उडवतो असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः पतंगच आपल्याला ओढत असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. 10 नॉट वाऱ्यात आज्ञाधारक वाटणारा पतंग 20 नॉटच्या झोतात माणसाला वाळूवरून फरफटवू शकतो. म्हणून पतंग फुगवण्यापूर्वी पंधरा मिनिटे नुसते उभे राहून पाहावे, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.

काय पाहावे? प्रथम वाऱ्याची दिशा. समुद्राकडून तिरकस येणारा वारा अडचणीत सापडलेल्याला काठाला लावतो. जमिनीकडून वाहणारा वारा मात्र फसवा असतो. त्यात काठालगतचे पाणी तळ्यासारखे शांत दिसते. पण तोच वारा माणसाला खोल समुद्रात लोटतो. मग पाण्याची ओढ पाहावी. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादाच पट्टा न फुटता राहिला, तर ती सुरक्षित वाट समजू नये; बहुधा तेथूनच पाणी माघारी धावत असते. मोरजीच्या दक्षिणेस शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी अशा मुखापासून दूर राहावे.

कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थीला ती येते 3 वाजताची. आता हा हिशेब वाऱ्याशी जोडून पाहा. दुपारी 3 नंतर पाणी उतरू लागणार आणि सायंकाळी खारा वारा मंदावणार. वारा पडला की पतंग पाण्यात, आणि पाण्याची ओढ बाहेर!

अशाच एका चतुर्थीला, कष्टाने मिळवलेल्या रजेच्या अखेरच्या दिवशी, मला किनाऱ्यावर पोहोचायला साडेचार वाजले. वारा उत्तम होता. आणखी काही पतंग आकाशात होते. मन म्हणत होते, अर्ध्या तासाने काय बिघडते? मी पतंग पिशवीतून काढलाच नाही. त्या सायंकाळी कोणताही अपघात झाला नाही. सारे सुखरूप परतले. तरीही माझा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. निर्णयाची पारख केवळ परिणामावरून होत नसते. तो घेताना जे दिसत होते त्याला आपण मान दिला की नाही, यावरूनही ती होते.

संकटसमयी पतंग सोडून देणारी कळ प्रत्येकाच्या पट्ट्यावर असते. ती निर्दोष आहे ना, हे पाण्यात उतरण्यापूर्वी अवश्य तपासा. मात्र तिच्या भरवशावर समुद्रात उतरू नका.