परात कुठे ठेवायची?

डिशवॉशर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा विचारतो, "किती प्लेस सेटिंगचा दाखवू?" हे माप युरोपातलं. एक सेटिंग म्हणजे एका माणसाची जेवणाची मोठी प्लेट, सूपची खोलगट प्लेट, गोडाची लहान प्लेट, कप, बशी, ग्लास आणि सुरी-काटे-चमचे. त्या हिशेबाने बारा सेटिंगच्या यंत्रात आमच्या चौघांची दिवसभराची भांडी घालूनही जागा उरायला हवी. पण त्या हिशेबात कुकर नाही, कुकरमधली भांडी नाहीत, साय धरलेलं दुधाचं पातेलं नाही, कढई नाही. परात तर नाहीच नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली, सोसायटीची फाटकं बंद झाली आणि भांड्यांच्या मावशी येईनाशा झाल्या. त्या वर्षी शहरांतल्या कितीतरी घरांत डिशवॉशर आले, तसा आमच्याकडेही आला. बायको घरून बँकेचं काम करायची, आईला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा भांडी लावायचं खातं माझ्याकडे आलं ते आजतागायत. मावशी पुढे परत आल्या. आता त्या भांड्यांऐवजी पोळ्या करतात, पगार अर्थातच कमी केलेला नाही, पण यंत्राशी त्यांचं अजून जमलेलं नाही.

यंत्र आत काय करतं ते एकदा समजून घेतलं की निम्मं काम झालं. भांडी बुडतील एवढं पाणी त्यात कधीच भरत नाही. तळाशी तीन-चार लिटर पाणी येतं, ते तापतं आणि पंप तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वर फेकत राहतो. खालच्या जाळीखाली एक आणि वरच्या जाळीखाली एक असे दोन पंखे असतात. त्यांच्या भोकांतून पाणी तिरकं सुटतं आणि त्याच रेट्याने ते फिरतात; त्यांना फिरवायला वेगळी मोटर नसते. मग खराब पाणी बाहेर, नवं पाणी आत, असं काही वेळा होतं. सगळं मिळून दहा-बारा लिटर. सिंकचा नळ मोकळा सोडला तर एवढं पाणी दोन मिनिटांत वाहून जातं. आत घासणारं काहीच नाही. फवारा जिथे पोचला तिथे भांडं निघालं. नाही पोचला तर तीन तासांनीही वरण होतं तिथेच. त्यामुळे भांडं ठेवताना मी फक्त एवढंच बघतो, की खालून वर पाहिलं तर याची खरकटी बाजू दिसेल का?

परातीचा खटला इथेच उभा राहतो. खालच्या जाळीत ती पालथी घातली की छत्रीसारखी खालचा सगळा फवारा अडवते आणि तिच्या वर ठेवलेली भांडी खरकटीच राहतात. उभी करावी तर तिची कड वरच्या पंख्याला लागते आणि पंखा अडतो. वरची जाळी एक टप्पा उचलून बारा इंची परात भिंतीशी तिरकी बसते कशीबशी, पण तेवढ्यात चार ताटांची जागा जाते. ओली असताना कणकेची परात हाताने मिनिटभरात निघते. आमच्याकडे ती बाहेरच असते. यंत्र आणलं म्हणून सगळं त्यातच घातलं पाहिजे, हा हट्ट माझ्या मते माणसाला यंत्राचा नोकर करतो.

ताटांचं वेगळं. जाळीतल्या खुंट्यांमधलं अंतर उथळ प्लेटसाठी काढलेलं असतं. आपल्या स्टीलच्या ताटाला उभा काठ, त्यामुळे ते एका खाचेत बसतच नाही. बसवलं तरी शेजारच्या ताटाला चिकटतं आणि मधली फट बंद होते. एक खाच सोडून एक असं लावलं, तोंडं मधल्या बाजूला केली, की ताटं लख्ख निघतात. माहितीपुस्तिकेतल्या चित्रात जिथे चौदा प्लेटा दाखवल्यात तिथे आमची सात ताटं राहतात. हे मान्य करूनच पुढे जायचं.

खरा त्रास वाट्या देतात. स्टीलची वाटी हलकी. नुसती पालथी ठेवली तर फवाऱ्याच्या धक्क्याने उलटते आणि धुणं संपल्यावर दार उघडावं तर खरकटं गढूळ पाणी भरून ती शहाण्यासारखी सरळ बसलेली असते. म्हणून वाटी दोन खुंट्यांच्या मध्ये तिरकी अडकवायची, तोंड खाली आणि आत झुकलेलं. सपाट पालथी नको, कारण वाटीच्या आणि पेल्याच्या बुडाला जो खोलगट भाग असतो त्यात पाणी साचतं आणि सुकल्यावर पांढरा डाग पडतो. डब्यांची प्लास्टिकची झाकणं तर पानासारखी उडतात. ती खुंट्यांत घट्ट अडकवायची. चमचे सगळे एका दिशेने ठेवले की एकमेकांच्या कुशीत शिरतात आणि मधला श्रीखंडाचा थर तसाच राहतो, म्हणून काही उलटे, काही सुलटे. सुऱ्यांची टोकं मात्र खालीच. झारा, उलथनं, डाव वरच्या जाळीत आडवे. उभे ठेवले की एखादा दांडा हमखास जाळीतून खाली उतरतो आणि पंख्याला पाचर बसते. दार लावण्याआधी दोन्ही पंखे बोटाने फिरवून बघायचे, याला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.

हे यंत्र ज्या बाईने बाजारात आणलं तिनेही सुरुवात मापानेच केली होती. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन यांनी घरातल्या प्लेटा, कप, बशा मोजल्या, प्रत्येकाच्या आकाराचे तारेचे कप्पे केले, ते तांब्याच्या पिंपात चाकावर बसवले आणि त्यांच्यावर गरम साबणाचं पाणी सोडलं. डिसेंबर १८८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र लोकांनी पाहिलं. घेणारी पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं होती. म्हणजे जाळी आधीपासून प्लेटच्या मापाची. आपल्या ताटवाट्यांचं माप तिथे कोण नेणार होतं? ते काम आता आपल्याकडे आहे. तुळशीबागेत कढई बघायला गेलो तेव्हा मी खिशातून टेप काढला. दुकानदार म्हणाला, "काका, कढई घेताय का कपाट?" दोन कानांची, दांडा नसलेली, अकरा इंची स्टीलची कढई घेतली. ती खालच्या जाळीत मागच्या कोपऱ्यात तिरकी पालथी बसते आणि शेजारी कुकरचं भांडं राहतं.

यंत्रात काय जात नाही, याची यादी आईने माझ्याआधी तोंडपाठ केली. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कुकर नाही, कारण डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. ती ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाते आणि भांडं काळंठिक्कर पडतं. लोखंडी तवा आणि बिडाचं भांडं नाही. मुरलेलं तेल धुऊन जातं आणि गंज चढतो. पोळपाट-लाटणं नाही, लाकूड तडकतं. मिक्सरचं भांडं पात्यासकट नाही, बुडाशी बेअरिंग असतं. तांब्या-पितळेची देवाची उपकरणी नाहीत. त्यांच्याबाबतीत आईला रसायनशास्त्र सांगावंच लागलं नाही. "देवाची भांडी तुमच्या खरकट्यात?" एवढ्यावर विषय मिटला. स्टीलचा कुकर चालतो, पण शिटी आणि रबर काढून. हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे यंत्रातून पिवळेच निघतात. ते गच्चीत उन्हात ठेवावेत. हळदीचा रंग प्रकाशाने उडतो.

आधी विसळायचं की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. बायको प्रत्येक भांडं नळाखाली धरायची. मग यंत्र कशाला आणलं? खरकटं खरवडून केरात टाकायचं, रश्श्याचा तेलकट थर शिळ्या पोळीच्या तुकड्याने पुसायचा, बास. पावडरीत स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. भाताची शितं, वरण, दुधाचा थर हेच त्यांचं खाद्य. शिवाय बऱ्याच यंत्रांच्या ऑटो प्रोग्रॅममध्ये पाणी किती गढूळ आहे ते प्रकाशकिरणाने तपासलं जातं. सगळं विसळून दिलं तर यंत्राला वाटतं भांडी स्वच्छच आहेत आणि ते हात आखडतं. एखादं करपलेलं पातेलं मग तसंच राहतं. ते भिजवायला हवं, त्याला इलाज नाही.

"तीन तास? वीज किती जळेल!" हा आईचा आक्षेप. हेर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याचं गणित मांडलं होतं: रसायन, उष्णता, वेळ आणि पाण्याचा मारा, यातलं एक कमी केलं तर दुसरं वाढवावं लागतं. इको प्रोग्रॅम पाणी ५० अंशांच्या आसपासच तापवतो, म्हणून वेळ जास्त घेतो. वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते, पंप चालवायला नाही. म्हणून लांबलचक इको स्वस्त पडतो आणि ७० अंशांचा इंटेन्सिव्ह महाग. पुरणाचं पातेलं, वांग्याच्या भरताची कढई असेल त्या दिवशी मी इंटेन्सिव्ह लावतो, एरवी इको. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅममध्ये साबणाची वडी कधी कधी पुरती विरघळतही नाही; तिथे पावडर बरी. पावडरीच्या कप्प्यासमोर उंच ताट आलं तर कप्पा उघडत नाही, हेही बघायचं. आणि भांड्यांचा नेहमीचा लिक्विड साबण चुकूनसुद्धा घालायचा नाही, नाहीतर फेस दारातून बाहेर येतो.

मिठाबद्दल लोकांचा गोंधळ असतो. ते भांड्यांना लागतच नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवणारे राळेचे बारीक मणी यंत्राच्या पोटात असतात. मणी भरले की यंत्र त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडून त्यांना मोकळं करतं. त्याला शुद्ध, जाड मीठ लागतं. स्वयंपाकाच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही मिसळलेलं असतं. भरताना थोडं मीठ सांडतंच आणि स्टीलला खड्डे पाडतं, म्हणून मीठ भरलं की लगेच धुणं लावायचं. पाण्याच्या जडपणाचा आकडा यंत्रात एकदा भरला की झालं, असं पुस्तिका म्हणते. पुण्यात तसं नाही. आमच्याकडे एरवी खडकवासल्याचं मऊ पाणी. एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर आणि बोअरवर जाते आणि त्याच नळाला जड पाणी येतं. उन्हाळ्यात मी आकडा वाढवतो, पाऊस स्थिरावला की उतरवतो. काचेच्या ग्लासवर धुरकट थर दिसला तर लिंबाची फोड घासून बघतो. थर गेला तर तो क्षार, मीठ वाढवायचं. नाही गेला तर काचच झिजली आहे. मऊ पाण्यात पावडर जास्त पडली की असं होतं, आणि त्यावर उपाय नाही.

धुणं झालं की आधी खालची जाळी रिकामी करायची. वरच्या पेल्यांच्या बुडात थेंब राहिलेले असतात, ते खालच्या कोरड्या ताटांवर पडतात. स्टील आणि काच तापलेली असल्याने आपोआप वाळते, प्लास्टिक ओलंच राहतं. त्यासाठी फडकं हवंच.

रविवारी सकाळी मी गाळणी काढतो. खालची जाळी बाहेर, पंखा वर, मग तळाची गोल गाळणी फिरवून उचलायची. तिच्यात आमचा आठवड्याचा स्वयंपाक सापडतो: कढीपत्त्याची पानं, लिंबाच्या बिया, भोपळ्याच्या सालीचा तुकडा आणि मोहरी. मोहरीचा दाणा नेमका पंख्याच्या भोकात जाऊन बसतो. एक भोक बंद झालं की त्या रेषेतला फवारा गेला, आणि रोज त्याच जागची वाटी खरकटी निघते. मी पंखा सोडवून खिडकीच्या उजेडात धरतो आणि टाचणीने दाणे टोकरतो. आई शेजारी खुर्चीवर बसलेली असते. मागच्या रविवारी मावशी पोळ्या लाटता लाटता थांबून बघायला लागल्या. "दादा, यालाबी फोडणी घातली का?" आईने बशीतले दाणे बोटाने सारखे केले आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "फोडणीत एवढी मोहरी लागत नाही, मी कधीपासून सांगतेय."